रेघ नकोय, की काळा रंगच नकोय?

पत्र थोडक्यात: एका ४४ वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या मैत्रिणीनं लिहिलंय. केस खांद्याखाली वीतभर लांब, मुळात काळेभोर. अडतिसाव्या वर्षी ते पिकू लागले, तेव्हापासून दर वीस दिवसांनी त्या घरीच बॉक्समधला काळा डाय लावतात, आणि दर वेळी मुळांपासून टोकांपर्यंत. आता निम्मे केस पांढरे झालेत. डाय लावून दोन आठवडे होत नाहीत तोच भांगात पांढरी रेघ दिसू लागते आणि तिचा त्यांना अगदी वीट आलाय. सगळेच केस उजळ, राखाडी छटेचे करून घेतले तर रेघ दिसणारच नाही, असा त्यांचा विचार आहे. एका सलोनमधल्या बाईंनी केस हातात घेऊन पाहिले आणि 'एका सिटिंगमध्ये होणार नाही, आठ-दहा महिने धरा' असं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी फोनवरच 'एका दिवसात करून देऊ' म्हणाले. मुलगी म्हणते, किट आणून घरीच करू. त्या विचारतात: पहिल्या बाईंना जमत नाही म्हणून त्या टाळतायत का? ब्लीचनं केस खराब झाले तरी मास्क आणि तेलानं पुन्हा पूर्वीसारखे होतातच ना? बलायाज नावाचा रंगवण्याचा प्रकार चालेल का? आणि या वयात हे शोभेल का? पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: 'हल्ली डाय लावला की दोन दिवस कानामागे आणि मानेवर खाज येते, पण तेवढं चालायचंच.'

उत्तर: तुमचं पत्र वाचताना माझी नजर त्या शेवटच्या ओळीवरच अडकली. सलोन, किट, राखाडी छटा हे सगळं क्षणभर बाजूला ठेवा. आधी खाजेबद्दल बोलू, कारण ते 'चालायचंच' असं मला अजिबात वाटत नाही.

काळ्या आणि गडद तपकिरी टिकाऊ डायमध्ये बहुतेक वेळा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन, नावाचा घटक असतो. रंग गडद आणि पक्का बसतो तो त्याच्यामुळे, आणि डायची ॲलर्जी होते तीही बहुधा त्याचीच. ही ॲलर्जी पहिल्याच वेळी सहसा होत नाही. संपर्क येत राहतो, शरीर त्या घटकाला हळूहळू ओळखू लागतं आणि मग एखाद्या वेळी त्वचा उठते. 'सहा वर्षं लावतेय, काही झालं नाही' असं आपण स्वतःला समजावतो. पण ॲलर्जी जागी होते ती अशाच वर्षानुवर्षांच्या वापरानं. लावल्यानंतर एक ते तीन दिवसांत खाज, लाली, बारीक फोड, आणि जागा म्हणाल तर कानामागे, मानेवर, कपाळाच्या कडेला, पापण्यांवर. तुम्ही लिहिलेलं वर्णन याच्याशी फार जुळतं. एकदा ही ॲलर्जी झाली की ती साधारण जन्मभर राहते आणि पुढची खेप आधीच्यापेक्षा जोराची येऊ शकते. आज मानेवरची खाज असेल, उद्या डोळे उघडणार नाहीत इतक्या पापण्या सुजू शकतात. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर वाट न पाहता थेट दवाखाना गाठायचा.

म्हणून माझी पहिली विनंती: पुढच्या वीस दिवसांचा डाय लावू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते पाठीवर संशयित घटकांचे छोटे पॅच चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात आणि त्यानंतर पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा तपासतात. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनी रंग लावण्याआधी ४८ तास कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहावं, हे ठीकच. पण ज्यांना आधीच खाज येतेय त्यांनी तोच डाय घरी पुन्हा लावून 'बघू या' म्हणू नये. 'अमोनिया-फ्री', 'हर्बल' या शब्दांवरही विसंबू नका. अमोनिया नाही याचा अर्थ पीपीडी नाही असा होत नाही. डाय सोसत नाही म्हणून पुष्कळ जणी काळ्या मेंदीकडे वळतात. मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस-केशरी. जी मेंदी तासाभरात केस काळेभोर करते तिच्यात पीपीडीच मिसळलेला असण्याची दाट शक्यता असते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळते.

तुम्ही पत्रात 'रेघ' हा शब्द चार वेळा लिहिलाय. 'उजळ केस मला आवडतात' असं एकदाही लिहिलेलं नाही. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली. तुम्हाला नको आहे ती काळा आणि पांढरा यांच्यातली धारदार सीमा. केस महिन्याला सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे दोन आठवड्यांत जेमतेम अर्धा सेंटिमीटर. तेवढा पांढरा पट्टा डोळ्यांत भरतो, कारण त्याच्या शेजारी सपाट, एकसारखा काळा रंग आहे. तोच पांढरा केस तीन-चार वेगवेगळ्या छटांच्या शेजारी असता तर तुमच्याही लक्षात आला नसता. मग प्रश्न असा उरतो की एवढी सीमा पुसायला सगळं डोकं ब्लीच करण्याची गरज आहे का? माझं उत्तर 'नाही' असं आहे. आणि यात एक दिलासा दडलाय, जो तुमच्या नजरेतून सुटला असावा. तुमचे निम्मे केस आधीच पांढरे आहेत. त्यांच्यात मेलॅनिन, म्हणजे केसाला रंग देणारं द्रव्य, उरलेलं नाही, तिथे ब्लीचला काढायला काही नाही. जो उजळपणा तुम्ही विकत घ्यायला निघालात त्याचा अर्धा वाटा मुळांतून आपोआप येतोय.

मग अडचण कुठे आहे? खालच्या लांबीत.

केसाचा थोडा हिशोब करू. इतकी लांबी वाढायला साधारण साडेतीन वर्षं लागली असतील. वर्षाला अठरा वेळा डाय, तोही दर वेळी टोकांपर्यंत. म्हणजे तुमच्या केसांच्या टोकांवर साठेक थर चढलेत. हे थर निव्वळ वरवर लेप दिल्यासारखे नसतात. टिकाऊ डायचे बारीक रेणू केसाच्या आत, कॉर्टेक्समध्ये शिरतात, तिथे एकमेकांना जोडून मोठे होतात आणि अडकून बसतात. नैसर्गिक काळा रंग ब्लीचनं बऱ्यापैकी अंदाजात उतरतो. हा साठवलेला काळा मात्र हट्टी, आणि कुठे किती साठलाय ते वरून दिसत नाही. वर दुसरा फिका डाय लावून तर तो मुळीच उतरत नाही. रंग रंगाला काढत नाही, हे या कामातलं अगदी पहिलं सूत्र.

काळे केस उजळताना वाटेत काय लागतं तेही सांगते. आधी गडद तांबूस, मग विटकरी, मग केशरी, मग पिवळट केशरी, मग पिवळा आणि सर्वांत शेवटी फिकट पिवळा, पिकल्या केळ्याच्या सालीची आतली बाजू असते तसा. राखाडी किंवा ॲश छटा हवी तर या शेवटच्या पायरीच्या जवळ जावं लागतं. तिथे जांभळ्या झाकेचा टोनर, म्हणजे ब्लीचनंतर छटा जुळवायला लावतात तो हलका रंग, पिवळेपणा मारतो आणि राखाडी दिसू लागतं. केशरी पायरीवर तोच टोनर लावला तर काहीच होत नाही. केशरी मारायला निळी झाक लागते आणि त्यातून हाती येतो तो तपकिरी. 'जांभळा शाम्पू लावला तरी केशरी जात नाही' ही तक्रार मी कितीतरी वेळा ऐकली आहे. चूक शाम्पूची नाही. केस त्या पायरीपर्यंत उतरलेलेच नसतात.

मी स्वतः काही वर्षं काळा डाय लावत होते. थांबायचं ठरवलं तेव्हा मानेजवळच्या आतल्या थरातून पेन्सिलच्या जाडीची एक बट कापली, दोऱ्यानं बांधली आणि सलोनमध्ये तीवर आधी ब्लीच करून पाहायला सांगितलं. फॉइलवर ती बट पसरून ठेवली होती आणि मी शेजारी बसून पाहत होते. वीस मिनिटांत मुळाकडचा दोन बोटं भाग गवती पिवळा झाला. मधला भाग केशरीवर येऊन थांबला तो तिथेच. आणि टोकं? पाऊण तासानंतरही गंजलेल्या पत्र्यासारखी तांबूस-तपकिरी. एका बटेत तीन पट्टे. बट धुतली, ओली असतानाच टोकाकडून चिमटीत धरून हलकेच ताणली. मुळाकडचा केस थोडा ताणून परत जागेवर आला. टोकाकडचा रबरासारखा लांबत गेला आणि तुटला. सगळं डोकं ब्लीच केलं असतं तर काय झालं असतं, ते मला त्या बोटभर टोकानं दाखवून दिलं.

तुमच्या पहिल्या सलोनमधल्या बाईंनी केस हातात घेतले तेव्हा त्यांना हेच दिसलं असणार. त्या टाळत नाहीत. त्यांनी तुमचे केस पाहिले आणि खरं सांगितलं. दुसऱ्यांनी न पाहताच होकार दिला. मी तुमच्या जागी असते तर पहिल्या बाईंकडेच परत गेले असते.

एका दिवसात हे करायचं म्हटलं तर हाती दोनच मार्ग उरतात: तीव्र डेव्हलपर किंवा एकावर एक ब्लीच. डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. आकडा वाढला की काम लवकर उरकतं, पण केसातले बंधही तितक्याच वेगानं तुटतात. जाणकार हात बहुधा कमी व्हॉल्यूम घेऊन जास्त वेळ देतो. टाळूजवळ आणखी एक भानगड असते. अंगाच्या उष्णतेनं मुळाकडचा बोटभर भाग बाकीच्या केसांपेक्षा भराभर उतरतो. म्हणून सगळ्या डोक्यावर एकदम ब्लीच थापलं तर मुळं झगझगीत आणि लांबी केशरी, असं उलटंच चित्र होतं. मुलीची माया मला कळते, पण घरच्या किटनं नेमकं हेच होईल. पाठीमागचे केस आपल्याला दिसत नाहीत, एक भाग होईतो दुसऱ्याची वेळ उलटून जाते. ब्लीच पावडरमधल्या परसल्फेटमुळे काहींना दम लागतो, टाळू भाजते. तुमची त्वचा आधीच कुरकुरत असताना तर घरी प्रयोग नकोच.

मग करायचं काय? मला तीन वाटा दिसतात.

पहिली, आणि तुमच्यासाठी मला सर्वांत पसंत असलेली: बारीक फॉइल हायलाइट्स. यात केसांच्या अगदी पातळ बटा उचलून फॉइलमध्ये घेतात, आणि ब्लीच टाळूपासून जरा अंतर सोडून लावता येतं. ॲलर्जीच्या दृष्टीनं हे अंतर मोलाचं. पहिल्या खेपेला भांगाच्या दोन्ही बाजू आणि चेहऱ्याभोवतीचे केस. तीन-चार महिन्यांनी पुढचा टप्पा. काही बटा उजळ, काही तुमच्या मूळ रंगाच्या आणि मधून येणारे पांढरे, यांच्या मिश्रणात रेघ विरघळते. याला ग्रे ब्लेंडिंग म्हणतात. पहिल्या दोन खेपांत छटा राखाडी नसेल, मधासारखी उबदार असेल. ती मनापासून स्वीकारता आली तर केस पुष्कळ वाचतील. बलायाजबद्दलही तुम्ही विचारलंय. त्या फ्रेंच शब्दाचा अर्थ झाडणं. ब्रशनं मोकळ्या हातानं रंग ओढतात, मुळं गडद ठेवतात आणि खाली खाली उजळत नेतात. दिसतं सुंदर. पण तुमचे पांढरे आहेत मुळांशी आणि हट्टी काळा आहे टोकांशी, त्यामुळे तुम्हाला त्याचा उपयोग थोडा.

इथे टोनरबद्दल एक सावधगिरी. ब्लीच फॉइलमध्ये सुरक्षित असतं, पण नंतर बेसिनवर टोनर मात्र पुष्कळदा सगळ्या डोक्याला, टाळूसकट चोळतात. डेव्हलपर मिसळून लावायच्या टोनरमध्ये पीपीडी किंवा त्याचे भाऊबंद असू शकतात. पॅच टेस्टमध्ये ॲलर्जी निघाली तर सलोनमध्ये हे आधी सांगा, आणि डेव्हलपर न लागणारी, नुसती वर बसणारी झाक मिळेल का ते विचारा. तिचे घटकही डॉक्टरांना दाखवून घ्या.

दुसरी वाट: डाय सोडायचा आणि केस वाढू द्यायचे, दर दोन महिन्यांनी टोकं कापत जायची. सगळी लांबी बदलायची तर तीन वर्षांहून जास्त लागतील. पण हनुवटीपर्यंत केस कापायची तयारी असेल तर दीड-दोन वर्षांत शेवटचा काळा डाय निघून जाईल. यात रसायन शून्य. अडचणीचे असतात ते पहिले सहा महिने, कारण तेव्हा सीमा सर्वांत ठळक दिसते. भांग सरळ न पाडता नागमोडी पाडला तर ती बरीच लपते.

तिसरी, डाय काढणारं रसायन, म्हणजे कलर रिमूव्हर. ते आतले जोडलेले रेणू पुन्हा बारीक करतं आणि ते पाण्यानं निघतात. केसाचा मूळ रंग त्यानं हलत नाही. वास उग्र येतो, आणि खूप वेळ धुवावं लागतं, नाहीतर दोन दिवसांत केस पुन्हा गडद होतात. मेंदीवर हे चालत नाही. हायलाइट्सच्या आधी लांबीतला काळा थोडा हलका करायला उपयोगी पडतं. पण निर्णय बटेवर पाहूनच घ्यावा.

या सहा वर्षांत कधीही मेंदी किंवा 'हळूहळू काळे करणारा' द्रव लावला असेल तर ते जरूर सांगा, दोन वर्षांपूर्वीचं असलं तरी. मेंदीच्या काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइड लागताच केस तापतात, तुटतात. नीळ मिसळलेली असेल तर ब्लीचनंतर हिरवट झाक येऊ शकते. केसांच्या टोकाशी साडेतीन वर्षांपूर्वीचा काळ अजून लोंबतोय, हे लक्षात ठेवा.

आता तुमचा 'पूर्ववत होतातच ना' हा प्रश्न. नाही होत, आणि हे तुम्हाला आधीच कळलेलं बरं. टाळूबाहेर आलेला केस जिवंत नसतो, जखम भरावी तसा तो भरून येत नाही. केसाच्या बाहेर एक अतिशय पातळ स्निग्ध थर असतो, ज्यामुळे केस सुळसुळीत राहतो आणि पाणी लगेच शोषत नाही. ब्लीचनं तो जातो, म्हणून ब्लीच केलेले केस पटकन भिजतात, उशिरा सुकतात आणि गुंततात. केसातले तुटलेले बंध सांधायला देतात त्या बाँड ट्रीटमेंटमुळे ताकद थोडी टिकते, कंडिशनरनं त्या हरवलेल्या थराचं काम तात्पुरतं भागतं. दोन्ही उपयोगी आहेत, पण गेलेलं परत आणत नाहीत. तेव्हा किती केस उजळायचे याचा निर्णय 'नंतर दुरुस्त करू' या भरवशावर घेऊ नका.

आहे ते टिकवायचं मात्र पुष्कळसं आपल्या हातात असतं. रंगाचा मोठा शत्रू साधं पाणीच. प्रत्येक धुण्यात थोडा रंग जातो. म्हणून आठवड्यातून दोनदाच, कोमट पाण्यानं, सौम्य शाम्पू फक्त टाळूला आणि कंडिशनर फक्त लांबीला. धुण्याआधी तासभर खोबरेल तेल लावलं तर केस कमी फुगतो आणि त्यातलं प्रोटीन कमी वाहून जातं. इथे घरातल्या मोठ्यांचा सल्ला चाचण्यांमध्येही खरा उतरलाय. मात्र ज्या दिवशी टोनर लावायचा त्याच्या आदल्या दिवशी तेल नको. जांभळा शाम्पू पिवळेपणा दिसू लागल्यावरच, आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटं. रोज लावला तर सच्छिद्र टोकं मळकट जांभळी होतात. ओल्या केसांवर स्ट्रेटनर कधीही नाही. आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसातच बुडबुडे धरतात. कोरड्यावर लावायचाच तर १८० अंशांच्या खाली. पोहायला जात असाल तर आधी साध्या पाण्यानं केस चिंब करा, म्हणजे तलावाचं पाणी कमी शोषलं जाईल. पोहणाऱ्यांचे उजळ केस हिरवट होतात ते पाण्यातल्या तांब्यामुळे.

'या वयात शोभेल का' याला फार शब्द लागणार नाहीत. आरशात तुम्हाला बरं वाटलं की शोभलं. उलट चेहऱ्याभोवती दाट काळ्यापेक्षा मिश्र छटा वयाबरोबर अधिक सौम्य दिसते, असं माझं मत आहे. पण ते माझं मत, तुमचा आरसा वेगळा.

टाळू शांत झाली आणि डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं की त्या पहिल्या बाईंकडे जा. आधी बट तपासून द्याल का, टाळूपासून किती अंतर सोडाल, किती व्हॉल्यूम वापराल आणि टोनर कुठला, एवढे चार प्रश्न विचारा. सोबत फोटो न्याल तो तुमच्यासारख्याच मूळ काळ्या आणि पिकलेल्या केसांचा न्या.

आणि डॉक्टरांकडे जाताना डायचं रिकामं खोकं बरोबर असू द्या. फेकून दिलं असेल तर त्याच डायचा दुसरा बॉक्स कुठे दिसतोय का पाहा आणि मागच्या बाजूचा फोटो काढून घ्या. घटकांची बारीक अक्षरातली यादी तिथेच असते, आणि त्यांना सर्वांत आधी तीच पाहायची असते.